तीन वारसांची बेवारस बोट

"तीन वारस धडधाकट असताना बोट बेवारस कशी?" अप्पांनी हातातला कागद टेबलावर आपटला. "आधी याचं उत्तर द्या. मग सहीचं बोलू."

सकाळपासून प्रत्येकाचं उत्तर आपापल्या परीने देऊन झालं होतं. वहिनीने चहाचे कप गोळा करायला घेतले. हातात काहीतरी काम असलं की या घरातला वाद निम्माच ऐकू येतो, हे तिने सासरी आल्यावर फार लवकर शिकून घेतलं होतं. अप्पांची ती थोरली सून. पण दिराची आणि नणंदेची वहिनी म्हणता म्हणता ती सगळ्या धक्क्याचीच वहिनी होऊन बसली होती.

"अप्पा, बेवारस हा सरकारी शब्द आहे," तिचा नवरा म्हणाला. सिमेंटच्या गोदामात वर्षानुवर्षं हिशेब लिहून त्याचा आवाजही त्या वह्यांसारखाच सपाट झाला होता. "जी बोट वर्षभर चालली नाही, जिची तपासणी झाली नाही, जी चिखलात नाहीतर पाण्याखाली पडून आहे, ती बेवारस. नव्या धोरणात तसं लिहिलंय."

"मग धोरण लिहिणाऱ्याला आधी शब्दांचे अर्थ शिकवा."

"शब्दांचं राहू द्या हो अप्पा!" धाकटा दीर खिडकीतून मागे वळला. "माझी फेरी बंद आहे. सोमवारपासून. लोक तिकिटाच्या खिडकीशी येऊन वहिनींना विचारतात, आणि वहिनी काय सांगणार? आमच्या सासऱ्यांची एक बोट चिखलात कुजतेय, म्हणून आमच्या चालत्या बोटीला परवाना मिळत नाही?"

"मी इंजिनाचं काम चाललंय म्हणून सांगते," वहिनी म्हणाली. "लाज वाटते खरं सांगायला."

खरं तेच होतं. नव्या नियमाने, ज्याच्या नावावर पडकी बोट असेल त्याच्या दुसऱ्या कुठल्याही बोटीचा परवाना अडवायचा. आणि चिखलातली ती बोट सासूबाईंच्या हट्टाने चौघांच्या नावावर चढली होती: अप्पा, थोरला, ताई, धाकटा. भांडणं नकोत म्हणून त्या माउलीने सगळ्यांना सारखं धरलं, आणि तेव्हापासून भांडणाला खंड पडला नव्हता. एके काळी ती बोट विटा, वाळू, माणसं, गुरं काहीही न्यायची. मग वरच्या अंगाला पूल झाला, माल ट्रकने जाऊ लागला, आणि अप्पांनी बोट थोरल्याच्या हाती सोपवली. थोरल्याला बोट लागायची. म्हणजे नुसता धक्क्यावर उभा राहिला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. त्याने दोन हंगाम कशीबशी चालवली आणि गोदामातली नोकरी धरली. बोट धक्क्याला बांधलेलीच राहिली. एका वादळात दोर तुटले आणि ती घसरत जाऊन धक्क्यापलीकडच्या चिखलात एका कुशीवर आडवी झाली.

आता खिडकीतून दिसायची ती अशी: पुढचा, नाळीचा भाग भरतीला अर्धा बुडालेला, केबिनचं छप्पर उडालेलं, आणि बाजूला बंदर खात्याने चिकटवलेली लाल नोटीस. दुरून ती कोणीतरी मलमपट्टी केल्यासारखी वाटायची.

मालकापुढे रस्ते तीन होते. बोट दुरुस्त करून तपासणी पास करून घ्या. किंवा स्वतःच्या खर्चाने तोडून जागा मोकळी करा. किंवा महिनाअखेरपर्यंत राजीखुशीने सरकारच्या स्वाधीन करा, म्हणजे सरकारच फुकट तोडून नेईल. यातलं काहीच केलं नाही तर सरकार तोडेल, खर्च तुमच्या माथी मारेल आणि दंडही करेल. कोणत्याही शहाण्या घराने तिसरा रस्ता पाच मिनिटांत धरला असता.

"ताई कधी येतेय?" नवऱ्याने विचारलं.

"आली," जिन्यातूनच आवाज आला.

नणंद आत आली तशी खोलीतली हवा बदलली. ती दुसऱ्या गावी एका मोठ्या इस्पितळात जनरेटर सांभाळायची. लहानपणी याच घराखालच्या वर्कशॉपमध्ये ती अप्पांच्या हाताखाली इंजिनं शिकली होती, भावांपेक्षा चांगली. आणि बोट द्यायची वेळ आली तेव्हा अप्पांनी ती दिली थोरल्याला. त्यानंतर ती माहेरी येत राहिली, पण थोरल्या भावाशी बोलायची ते हवामानावर.

"उकडतंय," ती भावाकडे बघत म्हणाली.

"हो, फारच," तो म्हणाला.

"ताई, तुमची सही तेवढी झाली की झालं," वहिनीने पेन पुढे केलं. अप्पांना शेवटी ती वळवेल, असा तिचा हिशेब होता. इंजिनं हाताळणारं माणूस, भंगार म्हणजे काय ते तिला कळतं.

ताईने कागद वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून अप्पांसमोर ठेवला.

"अप्पा बरोबर बोलतायत. मी सही करणार नाही."

वहिनीला वाटलं, हातातले सगळे कप जमिनीवर सोडून द्यावेत.

"अगं, पण का?" थोरला म्हणाला.

"बुडवली कोणी? ज्याने बुडवली त्याने तोडावी. त्याच्या खर्चाने. नियमात सोय आहे ना तशी?"

"मी बुडवली? वादळ माझ्या सांगण्यावरून आलं होतं?"

"दोर बदलायचे असतात, दादा. दरवर्षी. ते वादळाच्या हातात नसतं."

"बघा!" अप्पा खुर्चीत ताठ झाले. लेकीने आपली बाजू घेतली याचा आनंद त्यांना इतका झाला, की ती नेमकी कोणावर घसरतेय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "ती बोट सुधारता येते. मी तेच सांगतोय. लाकूड अजून ठणठणीत आहे. हातपंप मारून पाणी काढलं की उभी राहील."

"आणि इंजिन?" धाकट्याने हळूच विचारलं. वहिनीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा गडी आत्तापर्यंत तिच्या बाजूने होता. "नाही म्हणजे, सही करायला माझी कधीच ना नाही. पण त्यातलं इंजिन सोडवून घेतलं तर माझ्या बोटीला सुटे भाग होतील. सरकारला कशाला द्यायचं?"

"इंजिनाला हात लावायचा नाही," ताई म्हणाली.

"का? तुला काय करायचंय त्याचं?"

"ते अप्पांनी आणि मी बसवलंय. तू तेव्हा खाली बसून चिखलाचे गोळे करत होतास."

"वा! म्हणजे बोट नको, सही नको, खर्च नको, पण इंजिन हवं!" थोरल्याचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"तू तर बोलूच नकोस."

वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि नळ पूर्ण सोडून कप धुवायला लागली. हे असं आधीही झालं होतं. धक्क्यावरची जागा वाटताना, सासूबाईंच्या आजारपणात, अगदी घराला रंग देतानासुद्धा. दुपारपर्यंत प्रत्येक जण प्रत्येकाच्या बाजूने आणि प्रत्येकाच्या विरुद्ध होऊन जायचा आणि काम जिथल्या तिथे राहायचं. या वेळी तिने आधीच एक गोष्ट केली होती, कोणाला न विचारता. बंदर खात्याच्या निरीक्षक बाईंना फोन करून ओहोटीला पाहणीसाठी बोलावलं होतं.

बाई आल्या तेव्हा इंजिनावरून तिघांची हमरीतुमरी चालली होती. त्या गुडघ्यापर्यंत बूट घालून दारात उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर ऊन लागून लागून आलेला कंटाळा होता.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," चौघेही म्हणाले.

"छान," बाई म्हणाल्या. "नोटीस लावायला आले तेव्हा एकही नव्हता."

अप्पांनी टोपी चढवली. "चला. तुम्हाला दाखवतोच. बेवारस आहे की काय ते डोळ्यांनी बघा."

ओहोटीने खाडी पार मागे गेली होती. चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून सगळी वरात निघाली: पुढे अप्पा, मागे बाई, मग ताई, धाकटा, ऑफिसचे बूट घातलेला थोरला आणि सगळ्यात शेवटी वहिनी. जवळ गेल्यावर कुजक्या लाकडाचा आणि जुन्या तेलाचा वास आला. बोटीच्या पोटाला एक फट पडली होती, तिच्यातून खेकडे ये-जा करत होते.

"लाकूड अजून ठणठणीत आहे," असं अप्पा वाटभर सांगत आले होते. "ठणठणीत," बाई खेकड्यांकडे बघत म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, हे वहिनीला आवडलं.

"वरून ठणठणीत आहे," अप्पा म्हणाले. "अरे, वर चढ आणि पंप मारून दाखव त्यांना."

हे थोरल्याला होतं. अजूनही थोरल्यालाच. ताईने नुसता श्वास सोडला. थोरल्याने एकदा बायकोकडे पाहिलं. ती मानेने नको म्हणाली, पण वडिलांनी हुकूम सोडला की त्याचे पाय आपोआप चालायचे. तो तिरक्या डेकवर चढला, पंपाचा दांडा धरला, एकदा दाबला. दांडा करकरला. दुसऱ्यांदा जोर लावला आणि त्याच्या पायाखालची फळी मोडली.

आवाज फार मोठा झाला नाही. थोरला एकदम अर्धा झाला, एवढंच दिसलं. एक पाय मांडीपर्यंत आत, दुसरा डेकवर आडवा.

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला आणि मग ओरडला.

वहिनी वर कशी चढली ते तिला नंतर आठवलं नाही. धाकट्याने भावाच्या काखेत हात घालून ओढलं तसा तो आणखी मोठ्याने किंचाळला.

"ओढू नकोस!" ताईने धाकट्याला बाजूला ढकललं. ती डेकवर पालथी पडली आणि केबिनच्या भोकातून मोबाइलचा उजेड आत मारून पाहू लागली. "फळीची मोडकी टोकं खाली वळलीयत. ओढलं की मांडीत शिरतात. आणि पाऊल एका वाशाखाली अडकलंय. दादा, बोटं हलतायत?"

"हलतायत. ताई, खाली पाणी आहे."

"असणारच."

"नाही, मगाशी नव्हतं."

सगळ्यांनी एकाच वेळी खाडीकडे पाहिलं. भरती लागली होती. चिखलातल्या ओघळींमधून पाणी सरकत येत होतं आणि बोटीच्या पोटातली फट खालच्याच अंगाला होती. निरीक्षक बाईंनी फोन लावला, कोणाशी तरी तावातावाने बोलल्या आणि फोन ठेवला. "क्रेन दुसऱ्या बंदरावर आहे. तीन बंदरांना मिळून एकच आहे. अग्निशामकवाले निघाले आहेत, पण पूल ओलांडून येणार."

"तोपर्यंत हे गळ्यापर्यंत जातील," वहिनी म्हणाली. ती खाली चिखलाकडे वळली. "अप्पा!"

अप्पा चिखलात उभे होते. हात लोंबत होते. इतक्या वर्षांत वहिनीने त्यांना असं, काही न सुचलेलं, कधी पाहिलं नव्हतं.

"अप्पा, फळ्या तोडाव्या लागतील," ताई वरून म्हणाली. "दोन, नाहीतर तीन. आणि खालचा वासा कापावा लागेल. तो कापला की डेक बसेल. मग ती कधीच उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

"मला काय सांगतेस?" अप्पा ओरडले. "पोराचा पाय आहे तो! धाकट्या, पहार आण. करवत पण आण. पळ!"

धाकटा फळ्यांवरून पळाला. अप्पा वर चढले; या वयात, कोणाचा हात न धरता. धाकट्याने हत्यारं आणून दिली तेव्हा पाणी थोरल्याच्या गुडघ्याशी आलं होतं. वहिनीने नवऱ्याला मागून धरून ठेवलं होतं. तो मध्येच माफी मागत होता, कशाची ते त्यालाही माहीत नसावं.

"गप्प बसा," ती म्हणाली. "नुसतं टेकून राहा."

अप्पांनी पहारेचं टोक फळीच्या सांध्यात घातलं आणि सगळं वजन टाकलं. खिळे किंचाळत वर आले. एक फळी. मग दुसरी. तिसरी तुटली तेव्हा तिचा तुकडा उडून बाईंच्या बुटाशी पडला. मग ताई आत उतरली, कमरेएवढ्या काळ्या पाण्यात, आणि वासा कापू लागली. अप्पा वरून उजेड धरून होते.

"खालून काप. वरून कापशील तर करवत अडकेल."

"माहितीये, अप्पा."

"माहितीये तर हळू कशाला चाललीयस?"

"कारण मध्ये दादाची पोटरी आहे!"

वासा सुटला. डेक एका बाजूने खचला, अख्खी बोट जडपणे आणखी कलली आणि थोरला बायकोच्या अंगावर मागे कोसळला. पाय सोलवटला होता, रक्त येत होतं, पण पाय होता, आणि तो हलत होता.

मग सगळे पुन्हा चिखलावर आले. थोरल्याला फळ्यांवर बसवून बाईंनी आपल्या पिशवीतली पट्टी बांधली आणि फोन करून अग्निशामकवाल्यांना परत फिरवलं. अप्पा हातातली पहार सोडायला तयार नव्हते.

"तोडा तिला," ते शेवटी म्हणाले. "माझी हरकत नाही."

बाईंनी कागद काढला. धाकट्याने पाठ वाकवून दिली, त्याच्या पाठीवर कागद ठेवून अप्पांनी पेन टेकवलं. आणि उचललं.

"या वाक्यावर मी सही करणार नाही."

"कुठल्या?" वहिनीने विचारलं.

"'सदर नौका आम्ही टाकून दिली असल्याचे मान्य करतो.' मी टाकली नाही. बुडाली. कुजली. आत्ता मीच तोडली. पण टाकली नाही."

"आजोबा, ते छापील आहे," बाई म्हणाल्या. "मला त्यात बदल करायचा अधिकार नाही. मुख्य कार्यालयाला लिहावं लागेल. ते कायदा विभागाकडे पाठवतील..."

तेव्हा वहिनीचा बांध फुटला.

"अहो, बास! बास करा सगळ्यांनी! यांचा पाय आत्ता त्या लाकडात राहिला असता. भाऊजींना फेरी हवीय, इंजिन हवंय. ताईंना इंजिन हवंय आणि सही नकोय. अप्पांना काही द्यायचंच नाही. आणि आता द्यायचंय तर तुम्हाला घ्यायला अधिकार नाही! यांना बोट द्यायचीय. तुम्हाला ती न्यायचीय. मध्ये एक क्रियापद आडवं पडलंय, आणि त्याला हलवायला क्रेन नाही म्हणता! खोडा ते. आत्ता. नाहीतर मी खोडते."

दूरवर धक्क्यावर जमलेली माणसंसुद्धा माना वळवून बघू लागली. वहिनी असं कधी बोलली नव्हती. निदान तिकिटाच्या खिडकीबाहेर तरी नव्हती.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "तुम्हाला वाटतं ही एकच बोट आहे? या खाडीत जिथे जाते तिथे प्रत्येक बोटीशेजारी असे एक आजोबा उभे असतात. धोरण लिहिणाऱ्यांना फक्त बोटी दिसल्या." त्यांनी कागद धाकट्याच्या पाठीवरून ओढला, स्वतःच्या पेनाने ते वाक्य आडवं खोडलं, बाजूला सही केली. "विचारलं तर माझ्यावर येईल. येऊ दे. काय लिहू?"

अप्पांनी एकदा बोटीकडे पाहिलं. "लिहा की... आमच्याकडून आता होत नाही. म्हणून देतो."

बाईंनी तसंच लिहिलं, एक अक्षरही सरकारी न करता. अप्पांनी सही केली. धाकट्याने केली. थोरल्याने बसल्या बसल्या केली. पेन ताईकडे आलं. ती चिखलाने काळी झाली होती, केसांतून पाणी गळत होतं.

"इंजिन?" ती म्हणाली.

"इंजिन आणि तेलाची टाकी आधी काढून घ्यावीच लागते," बाई म्हणाल्या. "नाहीतर तोडताना सगळं तेल खाडीत जातं. ते मालकाने काढायचं असतं."

धाकट्याने तोंड उघडलं. अप्पांनी नुसता पहार धरलेला हात वर केला, तसं त्याने ते मिटलं.

"ती काढेल," अप्पा म्हणाले. "आणि त्याचं पुढे काय करायचं ते तीच ठरवेल." त्यांनी लेकीकडे मात्र पाहिलं नाही. "हे तेव्हाच म्हणायला हवं होतं."

ताईने सही केली. नंतर बराच वेळ ती पेन बाईंना परत द्यायचं विसरली.

पाणी फळ्यांपर्यंत आलं तशी मंडळी निघाली. थोरल्याचा एक हात ताईच्या खांद्यावर होता, दुसरा धाकट्याच्या. "दोर मी खरंच बदलायला हवे होते," तो म्हणाला. "हो," ताई म्हणाली, "आता पायाकडे बघून चाल." पाचव्या पावलाला धाकट्याने इंजिनातला फक्त एक पंप मागितला आणि पुन्हा सुरू झालं. वहिनीने मागून ते ऐकलं आणि तिला रडावं की हसावं ते कळेना. फेरीचा परवाना या आठवड्यात देते, असं बाई जाता जाता म्हणाल्या होत्या, आणि तिने त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं होतं.

अप्पा मागे राहिले होते. बोटीच्या फुटक्या पोटात पाणी शिरतानाचा आवाज येत होता. वहिनी परत फिरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पहार तिने त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

"क्रेन कधी येईल म्हणाली ती?"

"इंजिन निघालं की. पुढच्या आठवड्यात बहुतेक."

"त्या दिवशी मला इथे येऊ देऊ नकोस."

"बरं."

"मी ऐकणार नाही. ओरडेन तुझ्यावर."

"ओरडा की."

अप्पांनी मान हलवली. पाणी त्यांच्या घोट्यांवर आलं होतं.

"आणि तरी आलोच," ते म्हणाले, "तर तू माझ्याजवळ थांब."

"थांबेन, अप्पा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून त्यांना फळीवर घेतलं.